बाळाच्या अंगावरचं पुरळ आणि मेडिकलमधली ती ट्यूब

«डॉक्टर, माझा मुलगा दहा महिन्यांचा आहे. तीन महिन्यांचा असताना त्याच्या गालांवर खरखरीत लाल चट्टे आले, मग हातापायांवर आले. रात्री झोपेत खाजवतो, सकाळी दुपट्यावर रक्ताचे ठिपके दिसतात. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की दोन दिवसांत साफ, थांबवली की पहिल्यापेक्षा जास्त. चार महिने हेच चाललंय. आता जांघेतही लाल झालंय, तिथेही तीच लावते. सासूबाई म्हणतात, माझ्या खाण्यातली उष्णता दुधातून बाळाला बाधते. म्हणून मी अंडी, दूध, शेंगदाणे, वांगं, सगळं सोडलंय. शेजारच्या काकू म्हणतात, इसब औषधाने दाबला की दमा होतो. ह्यांना लहानपणी दमा होता, त्यामुळे भीती वाटते. साधं पुरळ कुठलं आणि घाबरायचं कुठलं, हे आम्हाला कसं कळावं? माझं काय चुकलं?
– एक आई, जिल्हा सांगली»

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. तुमचं काहीही चुकलेलं नाही. तुमच्या दुधाचंही नाही, खाण्याचंही नाही. रात्री दोन वाजता खाजवणाऱ्या बाळाचे हात धरून बसलेली आई मिळेल ते औषध लावणारच. दुकानातून ते औषध इतक्या सहज हातात पडायला नको होतं, एवढंच.

पत्रासोबत तुम्ही तीन फोटो पाठवलेत. दोन बाळाचे आणि एक त्या ट्यूबच्या खोक्याचा. बाळाचे गाल, कोपरांच्या बाहेरची बाजू, नडग्या, मनगटं, आणि वडिलांचा लहानपणचा दमा, हे सगळं एकत्र पाहिलं की बहुधा हा इसब आहे. आम्ही डॉक्टर त्याला अटोपिक डर्माटायटिस म्हणतो. फोटोवरून पक्कं निदान करायचं नसतं, बाळ प्रत्यक्ष तपासायलाच हवं. पण मला इसबापेक्षा तिसऱ्या फोटोची जास्त काळजी वाटली, म्हणून त्याच्याबद्दल आधी लिहिते.

खोक्यावर बारीक अक्षरांत तीन-चार नावं आहेत. त्यातलं पहिलं क्लोबेटासॉल. त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमध्ये सगळ्यात जहाल गटातलं हे औषध आहे. त्याच्या जोडीला एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीवरचं औषध घातलंय. खाज असो, गजकर्ण असो, फोड असो, सगळ्यावर एकच मलम चालावं म्हणून केलेलं हे मिश्रण. आपल्याकडे ते वर्षानुवर्षं पानाच्या दुकानातल्या सुपारीसारखं विकलं गेलंय. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. तुमच्या खोक्यावर उभी लाल रेघही दिसते आहे. तिचा अर्थ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही. तरी ती ट्यूब तुमच्या हातात आली.

लावल्यावर दोन दिवसांत साफ होतं, कारण स्टेरॉइड सूज झटकन उतरवतं. थांबवलं की दुप्पट येतं, कारण मूळ दुखणं तिथेच आहे आणि त्यात कातडीला आता त्या औषधाची सवय लागली आहे. बाळाची कातडी पातळ असते, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पसारा मोठा. मोठ्या माणसाला लावलेलं मलम कातडीपुरतं राहील, पण बाळाच्या अंगात ते बरंच झिरपतं. जांघेत लावून वर डायपर बांधला की तर फारच, कारण डायपर झाकण घातल्यासारखा औषध आत दाबून धरतो.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. सात महिन्यांची एक मुलगी लसीसाठी आणली होती. गाल असे वर आलेले की डोळे बारीक दिसत होते. बाहेर बाकावर बसलेल्या बायका कौतुकाने म्हणत होत्या, काय गुटगुटीत लेक आहे! मी वजन केलं, लांबी मोजली. वजन भरभर वाढलेलं, लांबी मात्र दोन महिन्यांत जेमतेम हललेली. कपाळावर बारीक लव. मी आजीला विचारलं, अंगाला काही लावता का? आजींनी कापडी पिशवीतून तळापर्यंत गुंडाळत आणलेली ट्यूब काढली. डायपर बदलताना दरवेळी थोडीशी, असं म्हणाल्या. अशीच ट्यूब, हेच औषध. बाहेरून इतकं स्टेरॉइड मिळत राहिल्यामुळे त्या बाळाच्या शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणंच जवळजवळ थांबवलं होतं. मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं आणि तिथून हळूहळू सगळं जागेवर यायला कित्येक महिने गेले. त्या आजींचा चेहरा मला अजून आठवतो. नातीसाठी त्यांनी जे केलं ते मायेनेच केलं होतं.

म्हणून एक गोष्ट नीट वाचा. चार महिने लावलेली ही ट्यूब स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका आणि चालूही ठेवत बसू नका. येत्या एक-दोन दिवसांत बाळाला बालरोगतज्ज्ञांकडे किंवा त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. ट्यूब आणि खोकं सोबत न्या. आतापर्यंत किती ट्यूब संपल्या ते आठवून सांगा. कशी कमी करायची, रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासायचं का, हे ते ठरवतील. आणि या काळात बाळ मलूल झालं, उलट्या करू लागलं, दूध ओढेनासं झालं किंवा ताप आला, तर ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना पहिल्याच वाक्यात सांगा की याला चार महिने जहाल स्टेरॉइड मलम लावलंय. हे वाक्य फार महत्त्वाचं आहे.

जांघेतल्या लालीचं वेगळं सांगते, कारण ती बहुतेक इसबाची नाही. इसब डायपरच्या जागी सहसा येत नाही, तिथली कातडी ओलसर राहते. तिथे लाल होतं ते एक तर शी-शूच्या ओलीने, किंवा बुरशीने. घड्या सोडून फुगीर भागावरच लाली असेल तर ओलीची. ऐन घडीत गडद लाल आणि आजूबाजूला मोहरीएवढे सुटे ठिपके असतील तर बुरशीची. तुमच्या फोटोत घडीत लाल दिसतंय, ठिपकेही आहेत, आणि स्टेरॉइडखाली बुरशी फोफावतेच. ती असेल तर डॉक्टर स्टेरॉइड नसलेलं, नुसतं बुरशीचं मलम देतील. तुम्ही घरी एवढं करा: डायपर वरचेवर बदला, साध्या पाण्याने धुवा, घासू नका, टिपून कोरडं करा आणि दिवसातून दोन-तीन वेळा अर्धा तास बाळाला मोकळं पडू द्या. झिंक ऑक्साइडचं पांढरं मलम दाट थर देऊन लावलं की ओल कातडीपर्यंत पोचत नाही. टाल्कम पावडर नको. घडीत तिचे गोळे होतात आणि बाळाच्या श्वासातही जाते.

आता मूळ इसबाकडे येते.

तुमच्या सासूबाईंनी जमीन सारवलेली असेल. त्यांना विचारा, सारवण निघालं की काय होतं. माती उखणते, भेगा पडतात, पोपडे निघतात, आणि त्या भेगांत मुंग्या शिरतात. इसब असलेल्या बाळाची कातडी अशीच असते. वरचं सारवण जन्मतःच कमी. आतली ओल उडून जाते आणि बाहेरचा साबण, धूळ, घाम, जंतू आत शिरतात. मग सूज येते, खाज सुटते, खाजवलं की आणखी भेगा. काही कुटुंबांत हे सारवण धरून ठेवणारं फिलाग्रिन नावाचं प्रथिनच कमी बनतं आणि ते आईवडिलांकडून मुलाकडे येतं. वडिलांचा दमा, काकाची सर्दी-शिंका, मुलाचा इसब, ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. यात कुणाचा दोष नाही.

भेगाळलेल्या जमिनीवर आपण औषध ओतत नाही, रोज सारवतो. इसबाचा खरा उपचार तोच आहे. मलमाची ट्यूब दुय्यम आहे. मी वीस वर्षं आयांना हेच सांगते आहे, आणि सगळ्यात कमी हेच ऐकलं जातं, कारण साध्या मॉइश्चरायझरला कुणी औषध मानत नाही.

अंघोळ रोज घाला, पण पाच ते दहा मिनिटांचीच. पाणी कोमट. आपल्याकडे बाळाला कढत पाण्याने शेकून काढल्याशिवाय अंघोळ झाली असं वाटतच नाही, पण कढत पाण्याने उरलंसुरलं तेलही निघून जातं. मालिशवाल्या मावशी येत असतील तर त्यांना हात जोडून सांगा की डाळीचं पीठ आणि हळद चोळणं आता पूर्ण बंद. निरोगी बाळाला ते कदाचित खपून जातं, या बाळाला ते कानशीसारखं लागतं. पाण्यात अँटिसेप्टिकचे थेंब घालता का? बऱ्याच घरांत घालतात. तेही बंद. साबण लागलाच तर बिनवासाचा सौम्य, आणि फक्त जिथे खरंच मळ असतो तिथे.

अंघोळीनंतर बाळाला टॉवेलने पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि कातडी ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, डोक्यापासून पायापर्यंत बिनवासाचं मॉइश्चरायझर लावायचं. चट्टे आहेत तिथेच नाही, सगळ्या अंगाला. लव ज्या दिशेने वळते त्या दिशेने, हलक्या हाताने. संध्याकाळी पुन्हा एकदा. थंडीत तीनदा. किती लावायचं? आठवड्याला साधारण १०० ग्रॅम संपलं पाहिजे. छोटी बाटली दोन महिने पुरत असेल तर तुम्ही लावत नाही, दाखवताय. महागडंच हवं असं मुळीच नाही. डब्यातली साधी पेट्रोलियम जेली उत्तम काम करते. उन्हाळ्यात ती चिकट होते आणि घाम कोंडून घामोळं येतं, तेव्हा क्रीम वापरा. खोबरेल तेल चांगलं, शुद्ध आणि बिनवासाचं असेल तर. मोहरीचं तेल नको, ते कातडीला झोंबतं. ऑलिव्ह तेलही नको. महाग आणि परदेशी आहे म्हणून लोक आणतात, पण कातडीचं सारवण त्याने बिघडतं.

कपडे सुती. जुन्या लुगड्याची मऊ दुपटी घरात असतील तर त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. लोकरीचं टोपडं आणि स्वेटर थेट अंगावर नको, आत सुती झबलं घाला. धुण्याची पावडर दोन पाण्यांनी खळबळून काढा. नखं दर तीन-चार दिवसांनी कापा. बाळाला शेक-धुरी देत असाल तर धुरी बंद करा. ओवा असो की वेखंड, शेवटी तो धूरच. ज्याच्या घराण्यात दमा आहे त्याला तर तो नकोच.

इतकं करूनही चट्टे फुलतील तेव्हा डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतील, बहुधा हायड्रोकॉर्टिसोन किंवा डेसोनाइड. तेव्हा मात्र घाबरून ते कपाटात ठेवू नका. वर मी स्टेरॉइडबद्दल इतकं लिहिलं म्हणून हे मुद्दाम सांगते आहे. वाईट आहे ते चुकीचं, जहाल, महिनोन्‌महिने लावलेलं स्टेरॉइड. नेमून दिलेलं सौम्य स्टेरॉइड ठरावीक दिवस, चट्ट्यापुरतं लावलं तर ते बाळाची झोप परत आणतं. मापही सांगते. आपल्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूब पिळून जी रेघ येते ती साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे बोटांसकट दोन तळवे एकत्र धरले की जेवढी जागा होते, तेवढ्या जागेला ती पुरते. त्याहून कमी लावलं तर आग विझत नाही आणि दिवस मात्र वाढत जातात.

आणखी एक. बहुतेक पुस्तकांतले फोटो गोऱ्या मुलांचे असतात, त्यात चट्टे लालभडक दिसतात. आपल्या सावळ्या बाळांवर तीच सूज तपकिरी, जांभळट किंवा नुसती काळपट दिसते. म्हणून डोळ्यांपेक्षा हातावर भरवसा ठेवा. डोळे मिटून बाळाच्या नडगीवरून बोटं फिरवा. चरबरीत लागलं, जवळपासच्या जागेपेक्षा गरम लागलं, तर तिथे इसब जागा आहे. बरा होताना तिथे फिकट डाग राहतात. ते कोड नाही. रंग परत यायला काही महिने लागतात, एवढंच. गालांवर फिकट चट्टे दिसले की लगेच जंताचं किंवा कॅल्शियमचं औषध आणलं जातं, त्याचाही त्या डागांशी संबंध नाही.

आता तुमच्या जेवणाचं. ताई, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. दहा महिने अंगावर पाजणारी बाई दूध, अंडी, शेंगदाणे सगळं सोडून जगते आहे, आणि बाळाचे चट्टे होते तिथेच आहेत. चार महिन्यांत फरक पडला नाही, याचाच अर्थ कारण ते नव्हतं. इसब असलेल्या मुलांपैकी काहींना एखाद्या पदार्थाची ॲलर्जी असते, हे खरं आहे. पण ती ओळखू येते. बाळाने तो पदार्थ खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोन तासांत, अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात. असं काही झालं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. तसं नसेल तर बाळाच्याही ताटातून काही काढू नका.

उलट, नवीन पदार्थ लांबवण्यानेच नुकसान होतं. २०१५ साली लंडनमधल्या संशोधकांनी एक मोठी चाचणी प्रसिद्ध केली. चार ते अकरा महिन्यांची, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली बाळं त्यात होती. अर्ध्यांना शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, अर्ध्यांना पाच वर्षांचं होईपर्यंत टाळायला सांगितलं. ज्यांनी खाल्ले त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी जवळजवळ ८० टक्क्यांनी कमी निघाली. आपल्या घरात तर शेंगदाण्याचं कूट हाताशीच असतं. तुमच्या बाळाचा इसब बराच आहे, म्हणून सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. आणि द्याल तेव्हा बारीक कूट पेजेत किंवा खिमटीत पातळ कालवून. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नको, तो श्वासनलिकेत अडकतो.

काकूंच्या दम्याबद्दल. ही समजूत आपल्याकडे फार खोलवर आहे: आतलं विष बाहेर पडतंय, ते दाबलं की छातीत जाणार. लोकांनी जे पाहिलं ते खोटं नाही, लावलेला अर्थ चुकीचा आहे. ज्या मुलांना लहानपणी इसब असतो त्यांच्यातल्या काहींना पुढे दमा होतो, इसबावर औषध केलं तरी आणि नाही केलं तरी, कारण दोन्हींचं मूळ एकाच घराण्यात असतं. आधी कातडी, मग नाक, मग छाती, असा तो क्रम आहे. इसब बरा केल्याने दमा येत नाही. उपचार न केल्याने मात्र मूल झोपत नाही, चिडचिडं होतं आणि कातडीत जंतू शिरतात. बऱ्याच मुलांचा इसब शाळेच्या वयापर्यंत खूप कमी होतो. काहींचा रेंगाळतो, पण आटोक्यात राहतो.

तुम्ही विचारलंय, साधं कुठलं आणि घाबरायचं कुठलं. मी स्वतः पुरळाकडे नंतर पाहते, आधी बाळाकडे पाहते. अंगभर पुरळ असून खेळतंय, हसतंय, दूध पितंय, तर श्वास घ्यायला वेळ आहे. अंगावर चारच ठिपके आहेत, पण बाळ मान टाकून पडलंय, तर वेळ नाही.

साध्यांपैकी घामोळं तुम्हाला ठाऊक आहेच. मान, पाठ, काखा. कपडे कमी करा, वारा लागू द्या, जातं. जन्मल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लाल डागावर पिवळट ठिपका असं पुरळ बाळांना येतं, निम्म्या पूर्ण दिवसांच्या बाळांना येतं म्हटलं तरी चालेल, ते आपोआप जातं, काही लावू नये. तीन-चार दिवस खणखणीत ताप, मग ताप उतरतो आणि त्याच दिवशी छाती-पोटावर गुलाबी पुरळ येतं, हा सहा महिने ते दोन वर्षांतल्या मुलांचा विषाणूचा ताप. पुरळ आलं म्हणजे दुखणं संपत आलं. आणि पावसाळ्यात तोंडात फोड, तळहात-तळपायांवर पाणीदार फोड, कधी ढुंगणावरही, हा हात-पाय-तोंडाचा आजार. आठ-दहा दिवसांत बरा होतो. तोंड दुखतं म्हणून मूल पाणी पीत नाही, तेवढी काळजी घ्यायची. २०२२ साली केरळात टोमॅटो फ्लू म्हणून ज्याची बातमी झाली, तो बहुतांशी हाच होता.

खरजेबद्दल मात्र थांबून लिहिते, कारण ती इसबासारखी दिसते आणि तुमच्याही घरात तपासायला हवी. बाळाशिवाय आणखी कुणाला रात्री खाज सुटते का? सासूबाईंच्या बोटांच्या बेचक्यांत, तुमच्या कमरेला, मनगटाला? लहान बाळांमध्ये खरजेचे फोड तळहात-तळपायांवरही येतात. खरूज असेल तर डॉक्टर परमेथ्रिनचं मलम देतील. ते घरातल्या प्रत्येकाने एकाच रात्री लावायचं, खाज असो वा नसो, आणि आठवड्याने पुन्हा. मोठी माणसं मानेखाली लावतात. बाळाला डोकं आणि चेहरा सोडायचा की नाही ते डॉक्टर दाखवतील, कारण बाळांना तिथेही खरूज होते. एकट्या बाळाला लावून उपयोग नाही. घरातलं एक माणूस राहिलं की महिन्याभरात सगळं पुन्हा सुरू.

आता घाबरायचं कुठलं ते. ताप, खोकला, वाहणारं नाक, लाल डोळे, आणि तीन-चार दिवसांनी कानांमागून, कपाळावरून सुरू होऊन खाली उतरत जाणारं पुरळ, हा गोवर. त्याला देवीचं मानून कडुलिंबाचा पाला उशाशी ठेवतात, अंघोळ थांबवतात, दवाखान्यात नेत नाहीत. पाला ठेवा, श्रद्धेला माझा विरोध नाही, पण बाळ त्याच दिवशी दवाखान्यात न्या. २०२२ च्या शेवटी मुंबईत, मालेगावात, भिवंडीत गोवराची साथ आली, त्यात लहान मुलं दगावली. गोवरात न्यूमोनिया होतो, डोळे जातात. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस, सलग दोन दिवस, प्रत्येक गोवराच्या मुलाला द्यायचे असतात. आणि लस मोफत आहे: नऊ महिने पूर्ण झाल्यावर पहिला डोस, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरा.

दुसरी खूण काचेच्या पेल्याची. पारदर्शक पेला पुरळावर दाबून धरा आणि काचेतून पाहा. साधं पुरळ दाबल्यावर फिकं होतं. ठिपके जसेच्या तसे दिसत राहिले, लालसर-जांभळे, तर ते कातडीखाली झिरपलेलं रक्त आहे. मेंदूज्वराचे जंतू रक्तात गेले असतील, डेंग्यू असेल, प्लेटलेट कमी असतील. तापासोबत असे ठिपके दिसले तर सकाळची वाट पाहू नका, गाडी काढा. सावळ्या अंगावर नीट दिसत नसेल तर तळहात, तळपाय आणि खालची पापणी ओढून आतली बाजू पाहा.

पाच दिवस ताप हटत नाही, डोळे लाल पण चिपाड नाही, ओठ फुटलेले, जीभ लालबुंद, हातपाय सुजलेले, असं असेल तर डॉक्टरांना कावासाकी आजाराबद्दल थेट विचारा. जपानचे डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६७ साली तो मांडला. तो हृदयाच्या रक्तवाहिन्यांना धरतो, आणि पहिल्या दहा दिवसांत औषध गेलं तर बहुतेक मुलं सुखरूप राहतात.

आणि तुमच्या बाळापुरती खास खूण: इसबाच्या चट्ट्यांवर अचानक एकसारख्या आकाराचे, खोलगट, झुबक्याने आलेले पाणीदार फोड आणि सोबत ताप. ओठांच्या कडेला येणाऱ्या फोडांचा विषाणू इसबाच्या कातडीत शिरला की असं होतं. हे तातडीचं आहे. म्हणून घरात कुणाच्या ओठाला तसा फोड आला असेल तर तो बरा होईपर्यंत त्याने बाळाचा पापा घ्यायचा नाही, मग ते आजोबा का असेनात. नुसती पिवळी, मधासारखी खपली धरली असेल तर जंतुसंसर्ग असतो. तोही दाखवायचा, पण दिवसा दाखवला तरी चालतो.

दवाखान्यात जाताना ट्यूब, खोकं आणि लसीकरणाचं कार्ड पिशवीत घाला. कार्डावर नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस लिहिलेला आहे का ते घरीच पाहून ठेवा. राहिला असेल तर आताच डॉक्टरांना विचारा. इसब आहे म्हणून लस सहसा थांबवायची नसते, मात्र चार महिने स्टेरॉइड लावलंय हे तिथेही सांगा.

आणि ताई, आज रात्री नीट जेवा. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दही, आणि आवडत असेल तर वांग्याचं भरीतसुद्धा. सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा. सारवणाचं मी त्यांच्यासाठीच लिहिलंय. तेल-मॉइश्चरायझर लावायचं काम संध्याकाळी त्यांच्याकडे द्या. त्यांच्या हाताला ते तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं जमेल.